पुढच्या दोन सीटा

लॉर्ना ट्रेगेन्झा मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांसाठी स्वयंपाक करायची. पंधरा दिवस एका मळ्यावर, मग तीनशे किलोमीटर लांबच्या दुसऱ्या. वय अठ्ठावन्न, नवरा गेलेला, आणि धंदा असा की गाडीवाचून पोट चालू नये. तीन वर्षांपूर्वी तिने कमी चाललेली म्हणून एक गाडी घेतली. मीटर मागे फिरवलेला होता. युंटा गावाच्या पुढे त्या गाडीने मान टाकली. बर्फाच्या पेटीतलं मटण नासलं, आणि ती दिवसभर माश्या वारत रस्त्याच्या कडेला बसून राहिली. तो हंगाम कंत्राटदाराने दुसऱ्या बाईला दिला. तेव्हापासून तिचा कुणाच्याही मीटरवर विश्वास नव्हता.

मूंटा गावात नेव्हिल हॉकिंगच्या दारातली पांढरी स्टेशन वॅगन अठरा वर्षांची होती आणि मीटर चौसष्ट हजार किलोमीटर दाखवत होता. नेव्हिल शाळेचं मैदान राखायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा. गाडी आईची, आई गेल्या हिवाळ्यात वारली, एवढंच त्याने सांगितलं. लॉर्नाने नुसतं हं केलं. विकायला निघालेली प्रत्येक गाडी कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईचीच असते, हे तिला ठाऊक होतं.

ती आधी गुडघ्यांवर बसली. टायरवर छापलेलं साल नऊ वर्षांपूर्वीचं, नक्षी मात्र जेमतेम झिजलेली. खाली टॉर्च मारला तर कच्च्या रस्त्यांची लाल धूळ नाही. बॉनेटच्या कडेला खडे लागून उडालेले टवके दोन-चारच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तोही स्वच्छ. इतकं सगळं बरोबर निघाल्यावर तिला उलट जास्तच शंका आली.

मग तिने ड्रायव्हरचं दार उघडलं. सीट दाराच्या बाजूने खचलेली, कापडाचे दोरे निघालेले. स्टिअरिंग हात फिरून फिरून गुळगुळीत. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले, आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर एका कडेने पार सपाट. चौसष्ट हजारात एवढं झिजत नाही. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. शेजारची सीटही तशीच बसलेली. मागची सीट मात्र कालच कारखान्यातून आल्यासारखी.

सर्व्हिसच्या वहीत दर वर्षाचा शिक्का होता. शेवटचा पाच वर्षांपूर्वीचा, त्रेसष्ट हजार नऊशेवर. पुढची पानं कोरी.

"ही पाच वर्षं गाडी कुठं होती?"

"शेडमध्ये. उभी."

"उभ्या गाडीची सीट झिजते होय?"

नेव्हिल बुटाने वाळूत रेघ ओढत राहिला, आणि तेवढ्यानेच लॉर्नाची खात्री पटली. तिने मनात हिशेब मांडला. टॅक्सी असती तर मागची सीट झिजली असती. सामान पोचवणाऱ्याची असती तर एकट्या ड्रायव्हरची. पुढच्या दोन्ही सीटा, क्लच आणि गिअर झिजतात ते एकाच प्रकारच्या गाडीचे. तशी गाडी गावातल्या गावात हळू फिरते, म्हणून टवके नाहीत, धूळ नाही. आणि टायर काय, भंगारातूनही आणता येतात.

"ही ड्रायव्हिंग शिकवायची गाडी आहे," ती म्हणाली. "शेजारी मास्तर, इकडे पोरं. दोन लाख किलोमीटर तरी झालेत. मेलेल्या आईचं नाव पुढे करताना तुम्हाला काही वाटलं कसं नाही?"

तिने पर्स उचलली आणि ती फाटकापर्यंत गेलीही.

"आई चालवायची," नेव्हिल मागून म्हणाला. "शेडमध्ये."

ती थांबली. तो तिच्याकडे न बघता सांगत होता. आईचं डोकं चालेनासं झालं तेव्हा डॉक्टरने लायसन काढून घेतलं. त्याने बॅटरीची तार सोडवून ठेवली. पण दुपारी दोन वाजले की आई हॅट घालून शेडमध्ये जायची, पट्टा लावायची, क्लच दाबून गिअर टाकायची. स्ट्रीकी बे गावी बहिणीकडे निघालेली असायची. बहीण जाऊन अकरा वर्षं झाली होती. ओढून घरात आणली की रडायची. मग तो शाळेतून जेवायच्या सुट्टीत येऊन शेजारी बसायला लागला.

"मी रस्ता सांगायचो. इथे डावीकडे वळ, समोरून ट्रक येतोय, जरा हळू घे. तासाभराने म्हणायचो, पोचलो, आई. मग ती उतरून चहा प्यायची. जवळजवळ पाच वर्षं. सुट्टीच्या दिवशी दोनदा. हे गावात कुणाला माहीत नाही. हसतील तिला."

खोटं बोलणारा माणूस यापेक्षा सोपं काहीतरी सांगेल, असं लॉर्नाला वाटलं. तरी युंटाचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढून हलेना. गाडी एकदा एकटीच चालवून बघते, म्हणाली. नेव्हिलने बॅटरीची तार जोडून दिली. वॉलरूच्या रस्त्याला लागल्यावर चारी टायर धपधप करायला लागले. एका जागी वर्षानुवर्षं उभे राहून ते एका बाजूला चपटे झाले होते. फिरत्या गाडीचे टायर असे होत नाहीत. मनाला चांगलं वाटलं, आणि आपण अजूनही तपासतोच आहोत याची लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून ती थांबली नाही. गाडी थेट कडीनाला दीर मर्विनच्या गॅरेजवर नेली.

मर्विनने गाडी वर उचलून अर्धा तास ठोकून-ठाकून पाहिली. "इंजिन खरं आहे. गिअरबॉक्सही. चौसष्टच झालेत," तो हात पुसत म्हणाला. "उभी राहून रबरी होज वाळलेत, इंजिनाचा पट्टा तडकलाय, टायर फेकून दे. पण लॉर्ना, त्या सीटा बघितल्यास? त्या काही चौसष्टच्या नाहीत. मला तर काहीतरी काळंबेरं दिसतंय."

"सीटांचं मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माहीत आहे म्हटलं ना. तू होज बदल."

मर्विन नवे होज शोधायला आत गेला.

परत जाऊन तिने नेव्हिलला सांगितलं की गाडी घेते, आणि मघाशी आईवरून बोलले त्याबद्दल माफ करा. तो म्हणाला, तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. कागदावर सह्या झाल्या. ती आत बसली तसा तो सवयीने दुसऱ्या बाजूला गेला, दार उघडलं, आणि हात दारावर ठेवून तसाच उभा राहिला.

"बसा की. शाळेपर्यंत सोडते," लॉर्ना म्हणाली.

त्याने थोडा विचार केला आणि नको म्हणून मान हलवली. मैदानाला पाणी सोडायचं होतं, पण तो चालतच जाणार होता. त्याने दार हळूच लावलं, नीट लागलं का ते एकदा दाबून पाहिलं, आणि बाजूला झाला.