ऑर्गनमागचा भुणभुणणारा डबा

मला पाहिलंत तरी तुम्ही ओळखणार नाही, मित्रांनो. मी मोटरचा कंट्रोलर. बुटांच्या खोक्याएवढा करडा डबा, चौदा वर्षं डेन्मार्कच्या एका बेटावरच्या छोट्या चर्चमध्ये ऑर्गनमागे टांगलेला. ऑर्गनच्या नळ्यांत हवा भरणारा पंखा मोटरीवर चालतो आणि ती मोटर किती वेगानं फिरवायची ते मी ठरवतो. त्यासाठी मी विजेचे बारीक बारीक तुकडे करतो, सेकंदाला हजारो. कौतुक मात्र होतं वाजवणाऱ्याचं. असो!

चर्चच्या फरशीखालून आणखी एक तार फिरते. पाद्रीबाईंच्या गळ्याजवळच्या माईकमधला आवाज त्या तारेतून थेट आणि फक्त कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातल्या यंत्रात उतरतो. तिचं आणि माझं कधी भांडण नव्हतं. माझी केबल एका भिंतीनं जायची, ती दुसऱ्या भिंतीनं येऊन फरशीखाली उतरायची.

मागच्या हिवाळ्यात बिशप येणार म्हणून थोर्किलनं साफसफाई काढली. चर्चची देखभाल तोच करतो. लोंबणारी वायर दिसली की त्याला घास गोड लागत नाही. त्यानं माझी केबल आणि ती तार एकत्र आणून छान जुडी बांधली. मला उघडून आतला पत्राही पांढराशुभ्र रंगवला. बिशप म्हणाले, "वा, काय टापटीप!" थोर्किलची छाती फुगली.

तेव्हापासून कानात तसं यंत्र लावणाऱ्या योर्डिसआजी वैतागल्या. "थोर्किल, रविवारी माझ्या कानात माशी शिरल्यासारखं भुणभुणतं रे!" थोर्किलनं त्यांना बुधवारी बोलावून माईक तपासला. ऑर्गन बंद होता. सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"तार ठणठणीत आहे, योर्डिस. आता वय झालं म्हणायचं."

"वय तुझ्या अकलेचं झालंय!" आजी फणकारल्या. मग बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "या रविवारी सिग्नेचं कन्फर्मेशन आहे. पाद्रीबाई सगळ्यांसमोर देवावर श्रद्धा आहे का विचारणार आणि ती 'हो' म्हणणार. नातीचा तेवढा एक शब्द मला ऐकायचाय."

मलाही मोठं कुतूहल वाटलं. भुणभुणतंय तरी कोण? स्वतःवर संशय कोण घेतो, सांगा!

दुसऱ्या दिवशी आजी फुलं लावायला आल्या. त्यांच्या कानातलं यंत्र कालपासून तारेचा आवाज पकडण्यावरच राहिलं होतं. तेवढ्यात वाजवणारा सरावाला आला, त्यानं ऑर्गन चालू केला आणि आजी गर्रकन वळल्या. "बंद कर! आता चालू कर! परत बंद!" मग त्यांनी सरळ माझ्याकडे बोट रोखलं. "हा बघा चोर!" मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी बोदिल आली. ती वीजतंत्रज्ञ. तिनं मुख्य स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. थोर्किल मदतीला म्हणून माझं झाकण काढायला धावला.

"हात मागे!" बोदिल ओरडली.

"अगं, याच्यावरचा दिवा विझलाय की."

"दिवा विझला म्हणून वीज गेली नाही. याच्या पोटात ती काही मिनिटं उरते. रंगवताना थांबला होतात का तुम्ही?"

थोर्किलचा चेहरा माझ्या पत्र्यासारखा पांढरा पडला. बोदिल घड्याळ लावून थांबली, मग मीटरनं तपासलं आणि तेव्हाच आत हात घातला.

"इतकी नेटकी चूक मी जन्मात पाहिली नाही!" ती म्हणाली. माझ्या केबलला धातूच्या जाळीचं कवच आहे. ते उघड्या पत्र्याला घट्ट टेकलं, तरच वीज कापताना होणारा माझा गोंगाट आल्या वाटेनं परत जातो. मध्ये रंग आला, वाट बंद झाली आणि गोंगाट शेजारच्या तारेत घुसला. बोदिलनं रंग खरवडला, कवच दोन्ही टोकांना आवळलं, अर्थिंग तपासलं. तारा पुन्हा दोन भिंतींना नेल्या आणि जिथे एकमेकींना ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडल्या.

म्हणून विनवतो, आम्हाला सजवू नका, समजून घ्या. आणि एखादं म्हातारं माणूस तक्रार करत असेल, तर त्याचं वय काढण्याआधी जरा वायरी बघा.

रविवारी चर्च भरलं होतं. सिग्ने मुलखाची लाजरी. पाद्रीबाईंनी वाकून विचारलं, तसा त्यांच्या गळ्याजवळचा माईक तिच्या ओठांपाशी आला. तिचे ओठ हलले, पण पहिल्या बाकालाही काही ऐकू आलं नाही. "म्हणाली का?" तिचा बाप कुजबुजला. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

तोच मागच्या बाकावरून योर्डिसआजी ताडकन उभ्या राहिल्या.

"म्हणाली! हो म्हणाली! मी ऐकलं!"

आणि मित्रांनो, तेव्हा मी चालू होतो.