निरोपाचा खर्च

परदेशी जायला पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, तिकिटाचे पैसे लागतात. हुबळीच्या कमरीपेठेत याखेरीज सत्कार लागतो, आणि तो सगळ्यांच्या आधी लागतो. अठ्ठ्याहत्तर साली परसू वेल्डरला हे ठाऊक नव्हतं. कुवेतच्या एका कंपनीत त्याला काम मिळालं होतं. तिकीट ज्याचं त्याने काढायचं आणि दिवाळीपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. चहा-विडी सोडून, एकाच पँटीला ठिगळं लावून त्याने पैसे साठवले होते. चूक एवढीच केली, की बातमी आईला, यल्लव्वाला सांगितली. यल्लव्वाने ती नळावर सांगितली. मग दवंडी पिटायची गरजच उरली नाही.

गल्लीतून सातासमुद्रापार जाणारा पहिलाच माणूस! विहारासमोर मांडव पडला. गल्लीचे पुढारी बाळाप्पा माईकवर तासभर बोलले. त्यात परसूचं नाव दोनदा आलं. मग तरुण मंडळाचा सत्कार, मग त्यातून फुटलेल्या नवतरुण मंडळाचा. हार गल्लीचा, मांडव, माईक, चहा आणि धारवाडी पेढे सत्कारमूर्तीकडून. परसू कुरकुरला तेव्हा बाळाप्पा म्हणाले, "मान तुझा रे परश्या, मग च्या आमी पाजायचा व्हय? कुवेतात खोऱ्यानं ओढनार हाईस की!" नाही म्हणावं तर 'आत्ताच माजला' हे ऐकायची तयारी हवी. हार गळ्यात पडत गेले आणि परसूचं निम्मं तिकीट खिशातून गेलं.

वर बाळाप्पांनी त्याला न विचारता जायचा दिवसही जाहीर करून टाकला. बँडसकट सगळी गल्ली स्टेशनावर आली. पैसे कमी पडताहेत हे सांगायला परसूने तोंड उघडलं, की कोणीतरी त्यात पेढा कोंबायचं. निरोप दिलेल्या माणसाने परत घरी जायचं कोणत्या तोंडाने? गाडी हलली आणि परसू गेला. धारवाडला उतरला.

तिथल्या सप्तापुरात वसतिगृहांच्या लोखंडी खाटा करणाऱ्या एका दुकानात त्याला काम मिळालं, झोपायचंही तिथंच. इथं त्याला कुत्रं ओळखत नव्हतं, त्यामुळे सत्काराची भीती नव्हती आणि पैसा भराभर साठू लागला. फक्त आईची आठवण आली की घास उतरत नसे. हुबळी तासाभरावर, पण तो कुवेतला गेलेला!

एक दिवस दुकानात बाळाप्पाच उभे! बरोबर यल्लव्वा. परसूने घाईघाईने वेल्डिंगची काच तोंडासमोर धरली.

"गल्लीच्या तोंडाला कमान करायची हाय," बाळाप्पा मालकाला सांगत होते. "आमचा परसू कुवेतला गेला, त्याच्या नावाची. पैसे ही त्याची आई देनार. आता काय कमी हाय तिला?"

यल्लव्वा काच धरलेल्या हाताकडे बघत होती. "कमान नको अण्णा," ती म्हणाली. "पोरगं अजून पोचलं न्हाई." जाताना स्वतःसाठी आणलेल्या भाकरीचं फडकं ती वेल्डरच्या पायाशी 'विसरून' गेली. बाळाप्पांच्या काही ध्यानात आलं नाही. स्वतःखेरीज कोणाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. परसूने ती भाकरी रडत रडत खाल्ली.

दिवाळीच्या आधी तिकिटाचे पैसे पुरे झाले. परसूने मालकाकरवी आईला गुपचूप निरोप धाडला. मुंबईची गाडी धारवाडला यायच्या आधीच यल्लव्वा एकटी फलाटावर हजर होती. परसू पाया पडायला वाकला.

"अव्वा, येतो."

"येतो म्हनू नको," ती म्हणाली. "मागच्या बारीला येतो म्हनलास, आन् धारवाडातच ऱ्हायलास. जातो म्हन."

घर सोडताना 'जातो' म्हणू नये, अभद्र असतं, हे तिनेच त्याला लहानपणी शिकवलं होतं. गाडीने शिट्टी दिली. परसूने पिशवी उचलली.

"म्हन की रे," यल्लव्वा म्हणाली. तिने त्याला डब्याच्या दाराकडे ढकललं.

"जातो, अव्वा," परसू म्हणाला, आणि गाडीत चढला.