जमिनीवर ठेवलेला पेला

सब्बाहच्या तंबूत रोज संध्याकाळी तोच खेळ चाले. बसभर पाहुणे गालिच्यावर टेकले की तो इवल्या, बिनकानाच्या पेल्यांतून वेलदोड्याची कडू कॉफी द्यायचा आणि सांगायचा, "आमच्यात पाहुण्याने भरला पेला जमिनीवर ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमान विचारतो, 'बोल, काय हवं?' तो हो म्हणाला, की मगच पाहुणा पितो. यजमानानेच न विचारता पेला उचलला, तर तो नकार."

मग कुणीतरी पेला खाली ठेवून उंट मागायचा आणि हशा पिकायचा. कॉफी मात्र बहुतेकांना घशाखाली उतरत नसे. सब्बाह ते पेले उचलायचा, वाळूत ओतायचा आणि भरपूर साखरेचा चहा पुढे करायचा. हाताला तेच वळण पडलं होतं.

थोरला भाऊ मुतलक याला या सगळ्याची चीड. आईच्या कबरीला खेटून सब्बाहने तंबू ठोकले, तेव्हा त्याने शेळ्या हाकल्या आणि वादी रमच्या वाळवंटात पार पलीकडच्या टोकाला बिऱ्हाड नेलं. "आईच्या उशाशी नाचगाणी करतोस, तुझ्या दारात पाय ठेवायचा नाही मी," म्हणाला, आणि तसाच वागला. सब्बाह दर ईदला वाटेकडे डोळे लावून बसे. भावाने एकदा यावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि तो आला. ऐन गर्दीत, हडकलेला, काठी टेकत. सब्बाहला भरून आलं.

"ये दादा, बस. आज वाट चुकलास का?"

"चुकलोच असेन. आपल्याकडे एवढा बाजार नव्हता," मुतलक म्हणाला आणि जरासा हसलासुद्धा.

सब्बाहने कॉफी दिली. मुतलकने ती गुडघ्यासमोर ठेवली आणि मान खाली घातली. तेवढ्यात एका बाईने सूर्यास्त कुठून चांगला दिसतो म्हणून विचारलं. सब्बाह तिला टेकडी दाखवत राहिला आणि त्याच्या हाताने नेहमीचं काम उरकलं. भरला पेला उचलला, वाळूत ओतला, चहा ठेवला.

वळून बघतो तर मुतलक उठलेला.

"हा चहा तुझ्या गिऱ्हाइकांना दे," एवढंच बोलून तो चालू लागला.

वाळूतला ओला डाग दिसला तेव्हा सब्बाहला कळलं, आपण काय केलं ते. तसंच धावत जायला हवं होतं. पण तंबूभर माणसं जेवायची होती, आणि थोरल्याचा राग निवला की जाऊ, असं त्याने मनाला समजावलं. समजावलं कसलं, तोंड दाखवायची भीती वाटली.

काही दिवसांनी सब्बाह तिकडे पोचला तेव्हा मुतलकच्या दारात लोक मुकाट बसले होते. भावाला माती देऊन झाली होती, दूर गावाच्या कबरस्तानात.

"मला कळवलं नाहीत, वहिनी?"

मुतलकची बायको नौफा त्याच्याकडे बघत राहिली. "डॉक्टरांनी हात टेकले होते. आईशेजारची जागा मागायला आला होता तुझ्याकडे. परत येऊन म्हणाला, सब्बाहने नकार दिला, आता त्याला पुन्हा विचारायचं नाही."

"मी नाही म्हटलं नव्हतं."

"मग पेला कुणी उचलला?"

नौफाने रीतीप्रमाणे त्याला कॉफी दिली. त्याने ती तशीच जमिनीवर ठेवली. बसलेली माणसं त्या पेल्याकडे बघू लागली.

"बोल, काय हवं?" नौफाने विचारलं.

"माफी."

"ती ज्याने द्यायची तो गेला." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "गार होतेय. पिऊन टाक."

सब्बाहने पेला उचलला आणि मागितलेलं मिळालं नसताना तो कॉफी प्यायला.