सतरंजीवरच्या तोफा

कुंडलिकला स्पर्धा जिंकायची नव्हती. त्याला फक्त एकदा जेवणानंतर खेळायचं होतं.

दर वर्षी दिवाळी झाली की ठाण्याला, नौपाड्यातल्या एका मंगल कार्यालयात, मातीच्या सैनिकांच्या लढायांची स्पर्धा भरायची. बोटीवर इंजिनीयर असलेल्या कुणीतरी विलायतेहून या खेळाच्या नियमांचं पुस्तक आणलं होतं. तिकडे म्हणे शिशाचे सैनिक असतात. इकडे ते मिळेनात, तेव्हा मंडळींनी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, घोडेस्वार आणि तोफा घेऊनच खेळ मांडला, आणि बघता बघता मुंबई-पुण्याहूनही लोक यायला लागले. सहा फुटी टेबल, त्यावर हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या. प्रत्येक सैनिकाचे गुण ठरलेले: पायदळाचे कमी, घोडेस्वाराचे जास्त, तोफेचे सर्वांत जास्त. पाचशे गुणांत बसेल ती फौज आपली आपण निवडायची, तिची यादी सकाळी पंचांकडे द्यायची आणि फासे टाकत लढायचं. दुपारपर्यंत दोन लढाया. एक जरी हरला तो जेवून घरी, दोन्ही जिंकला तो जेवून पुन्हा टेबलावर.

कुंडलिक दोन वर्षं जेवून घरी आला होता.

"पुरीभाजी खायची नि गप निघायचं," तो म्हणायचा. "लग्नात ओळखपाळख नसलेला जेवून जातो ना गो, तसं वाटतं."

यंदा, म्हणजे त्र्याण्णव साली, स्पर्धा जोड्यांची होती, आणि कुंडलिकची जोडीदार वासंती होती. दोघंही डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एकाच कारखान्यात. तो यंत्रांवरचे मीटर दुरुस्त करायचा, ती फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन तिथल्या लॅबमध्ये लागली होती. डिसेंबरात कुंडलिक जहाजावरच्या नोकरीवर निघणार होता. परत कधी येणार आणि आल्यावर खेळायला सवड असणार की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे जेवणानंतर खेळायचं तर याच वर्षी.

वासंतीने हे फार मनावर घेतलं. कुंडलिकची फौज म्हणजे घोडेस्वारच घोडेस्वार. चेंदणीच्या कोळीवाड्यात, घराच्या ओट्यावर बसून त्याने एकेक घोडा रंगवलेला. कुणाच्या कपाळावर चांदणी, कुणाचे खूर पांढरे. लढाईत तो ते सगळे एकदम पुढे सोडायचा आणि बहुतेक वेळा गमवायचा.

"घोडे का घेतोस?" वासंतीने विचारलं.

"घोडे आहेत म्हणून."

"हे काही उत्तर नाही."

मग दर रविवारी तिच्या घरी, बाहेरच्या खोलीत, खडूने सहा बाय चार फुटांचं मैदान आखून सराव सुरू झाला. लॅबमध्ये शिकलेली एकच गोष्ट तिने इथे लावली: एका वेळी एकच बदल करायचा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. एक तोफ वाढवून पाहिली. फौज जास्त लढाया जिंकायला लागली. घोडे कमी करून दुसरी तोफ घेतली. आणखी बरं झालं. तोफेचा नियम असा, की डागण्याआधी शत्रू किती इंचांवर आहे ते मोठ्याने सांगायचं आणि मगच पट्टी लावायची. अंदाज एका इंचाहून जास्त चुकला तर गोळा फुकट. त्यामुळे बाकीचे लोक तोफांच्या वाटेला फारसे जात नसत. पण वासंतीचा अंदाज सहसा चुकत नसे. "एकोणीस," ती म्हणायची, आणि पट्टीवर एकोणीस.

दसऱ्यापर्यंत फौजेत पाच तोफा झाल्या आणि घोडा एकही उरला नाही. कुंडलिक कुरकुरला, पण तिने सगळ्या लढायांचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला.

"ठीक आहे गो," तो म्हणाला. "आकडे बोलतात, तिथे आपण काय बोलणार."

दिवाळीच्या आधी त्याने ते घोडेस्वार गल्लीतल्या पोरांना किल्ल्यासाठी देऊन टाकले.

*

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी वासंतीच्या घरी बुद्धवंदनेची पाळी होती. सकाळी मंडळाच्या बायका जमल्या, वंदना झाली, चहा झाला, बायका गेल्या. कुंडलिक सराव करायला आला तेव्हा खोलीभर सतरंजी तशीच अंथरलेली होती. वासंती ती गुंडाळायला वाकली, तशी आतून तिची आई, मंजुळाबाई, ओरडली.

"राहू दे ती सतरंजी! संध्याकाळी कल्याणचे पाहुणे यायचेत. मी परत घालणार नाही हां, माझी कंबर गेलीय."

"असू दे ना काकू, आम्ही वरच खेळतो," कुंडलिक म्हणाला.

सतरंजीवर लढाई मांडली. समोरची फौज नेहमीप्रमाणे कुंडलिक चालवत होता. घोडेस्वारांच्या जागी त्याने बुद्धिबळातली प्यादी ठेवली होती. वासंती म्हणाली, "सतरा." पट्टीवर वीस भरले. "बारा." पट्टीवर साडेचौदा. तिला वाटलं, आज लक्ष नाहीये. मग तिने डोळे बारीक करून पाहिलं, सावकाश पाहिलं, आणि तरीही गोळे फुकट जात राहिले. थोड्याच वेळात कुंडलिकची प्यादी तिच्या तोफांवर चढली.

"आज काय झालं गो तुला?"

वासंती आपल्या हाताकडे बघत होती. अंदाज घेताना तिचं बोट हवेत हलत होतं, जणू काही मोजत असल्यासारखं. पण मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं. सतरंजीचे पट्टे एक रुंद तर एक अरुंद. तिने कोपरा धरून सतरंजी उलटली.

खाली मोझॅकच्या लाद्या होत्या. आठ इंची. एकसारख्या. दोन लाद्या आणि वर थोडंसं: एकोणीस.

एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे तिने इतक्या निष्ठेने केलं होतं की बाकी सगळ्यात जमीनही येते हे तिला सुचलंच नव्हतं. इतके दिवस तिने तोफांची परीक्षा घेतली नव्हती. लाद्यांवर ठेवलेल्या तोफांची घेतली होती.

"कुंडलिक, स्पर्धेत टेबलावर काय असतं?"

"हिरवं कापड. सांगितलेलं ना मी."

"कोरं?"

"कोरं. गेल्या वर्षी कुणालाच अंदाज लागत नव्हता त्याच्यावर." तो बोलता बोलता थांबला. त्याने उलटलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू लाद्या मोजत होतीस?"

"मला माहीतच नव्हतं मी मोजतेय ते."

"मला वाटलं तुझा अंदाजच तसा आहे. सायन्सवाली म्हणून."

"तक्ता सगळा चुकीचा आहे," वासंती म्हणाली. हे वाक्य तोंडातून काढणं तिला जड गेलं. "आकडे खरे आहेत, पण ते या खोलीचे आहेत. तुझे घोडे वाईट नव्हते. आपल्या जमिनीवर ते टिकत नव्हते, एवढंच."

कुंडलिक एकेक प्यादं उचलून डब्यात टाकायला लागला. शेवटचं प्यादं टाकून त्याने झाकण लावलं.

"मी ते देऊन टाकले ना गो," तो म्हणाला. "तुझ्या तक्त्यावर होतं म्हणून दिले. नायतर मी कुणाला हात लावू दिला नसता."

तिने सतरंजीचा उलटलेला कोपरा सरळ केला. मग तिने एवढंच विचारलं, "यादी द्यायची सकाळीच ना? अजून बदलता येते?"

"यादी बदलशील. घोडे कुठून आणशील?"

*

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर दोघं चेंदणीला गेली. जिथे किल्ला होता तिथे मातीचा एक काळपट ढीग उरला होता. वासंतीला आपल्या लहानपणची आठवण झाली. तिच्या गल्लीतही दिवाळी संपली की किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवायचे.

कुंडलिकची आई आवडाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. घोडेस्वारांचं नाव काढताच ती हसली.

"भाऊबीजेच्या संध्याकाळी उडवला न किल्ला पोरांनी. केवढा आवाज! तुझे घोडे पार मच्छीमार्केटापर्यंत गेले असतील."

"आये, मस्करी नको."

"मस्करी कसली?" ती उठली, आतून मासळीची एक जुनी पाटी घेऊन आली आणि दोघांपुढे ठेवली. पाटीत घोडेस्वारांचे तुकडे होते. "महाराजांची माणसं ती. उकिरड्यावर टाकू काय?"

वासंतीने पाटीत हात घातला. धड एकही नव्हता. कुणाला पाय नाही, कुणाला शेपूट नाही, एका स्वाराचं डोकं दुसऱ्याच्या घोड्याला लटकलेलं. पण कपाळावरच्या चांदण्या बऱ्याच शिल्लक होत्या.

"एम-सील आहे का घरी?" तिने विचारलं.

"नळाला लावलेलं, त्यातलं उरलंय थोडं," आवडाबाई म्हणाली. "पण आधी चहा घ्या. तुकडे काय पळून जात नायत."

तो आठवडा दोन कामांत गेला. कुंडलिक चेंदणीत बसून एम-सीलचं राखाडी लुकण मळायचा आणि घोड्यांना पाय बसवायचा. वासंती डोंबिवलीत सतरंजीवर काड्यापेट्या मांडायची, अंतर सांगायची आणि मग पट्टी लावायची. आधी तिला वाटलं होतं की आपण कधी जास्त सांगत असू, कधी कमी. तसं असतं तर तिने तोफांचा नादच सोडला असता. पण तिच्या ध्यानात आलं की ती नेहमी कमीच सांगते. बाराला दहा म्हणते, चोवीसला वीस. जवळचं असो की लांबचं, चूक एकाच बाजूला आणि एकाच मापाने. अशा चुकीवर औषध असतं. डोळा जे सांगेल त्यात त्याचा पाचवा भाग मिळवायचा आणि मग तोंड उघडायचं.

तिने नवी यादी केली. पाचांतल्या दोन तोफा ठेवल्या, सुटलेल्या गुणांत जोडून झालेले सगळे घोडेस्वार घेतले. यादी पूर्वीइतकी देखणी दिसत नव्हती. तिला सिद्ध करणारा तक्ता नव्हता, तो करायला वेळही नव्हता.

"चालेल का?" कुंडलिकने विचारलं.

"माहीत नाही," वासंती म्हणाली. हे म्हणायची तिला सवय नव्हती.

*

स्पर्धेच्या सकाळी मुख्य पंच महिपतरावांनी कुंडलिकचा एक घोडा उचलून चष्म्याजवळ नेला. त्याचे तीन पाय राखाडी होते.

"हा चालतो का?" कुंडलिकने भीतभीत विचारलं.

महिपतरावांनी घोडा टेबलावर ठेवला. तो थोडा डुगडुगला आणि उभा राहिला. "उभा राहतो ना? मग जिवंत."

पहिली लढाई त्यांनी जिंकली. घाटकोपरच्या जोडीला वाटलं, तोफा दोनच आहेत तर दुर्लक्ष करावं. आणि तोफांकडे लक्ष जाईपर्यंत घोडे बाजूने वळून आले होते. दुसरी लढाई पुण्याहून आलेल्या काका-पुतण्यांशी. काका बोलायला फार मर्यादशील होते.

"आपले घोडे पेन्शनीत निघालेले दिसतात," ते म्हणाले.

"हां, पण पेन्शन अजून चालू नाय झाली," कुंडलिक म्हणाला.

लढाई लांबली. काकांनी पायदळ टेकडीमागे दडवून ठेवलेलं, आणि ते हलेना. बाकीची टेबलं एकेक करून संपली. पुऱ्यांचा वास आला, पंगत बसली, उठली. महिपतराव एकदा येऊन घड्याळ बघून गेले आणि म्हणाले, "शेवटचा डाव."

टेकडीवर काकांची एक तुकडी होती. ती हटली तर कुंडलिकच्या घोड्यांना वाट मोकळी. वासंतीने तोफेच्या मागे वाकून पाहिलं. हिरवं कापड, कोरं. डोळा म्हणाला, पंधरा. डोळ्याची खात्री पटली होती. स्वतःच्या डोळ्याला मुद्दाम खोटं पाडायचं, हे काड्यापेट्यांसमोर सोपं होतं.

तिने कुंडलिककडे पाहिलं.

"बोल गो," तो म्हणाला. "चुकलीस तर घोडे आहेतच."

"अठरा," वासंती म्हणाली.

महिपतरावांनी पट्टी लावली. साडेसतरा. काकांनी टेकडीवरची तुकडी उचलली. कुंडलिकने घोडे सोडले, नेहमीसारखे सगळे एकदम, आणि फासे टाकले. फासे वाईट पडले. त्याने दुसऱ्यांदा टाकले, तेव्हाही बरे पडले नाहीत. टेकडीच्या पायथ्याशी राखाडी पायांचे घोडे एकेक करून आडवे झाले. गुण मोजले तेव्हा काका-पुतणे थोडक्यात पुढे होते.

"उत्तम खेळलात," काका म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती.

पंगतीच्या जागी आता दोनच ताटं मांडली होती. पुऱ्या गार झाल्या होत्या. कुंडलिक जेवायला बसला आणि त्याने हॉलभर नजर फिरवली. लोक हात धुऊन, पान खाऊन खुर्च्यांवर रेलले होते.

"वासंती," तो म्हणाला, "हे सगळे कधी जेवले?"

"केव्हाच. आपण खेळत होतो तेव्हा."

तो पुरी हातात धरून हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला. वासंतीने पाण्याचा ग्लास पुढे केला. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "तिसरी तोफ असती तर?"

"तर चार घोडे कमी झाले असते."

"मग नको."

वासंती यावर विचार करायला लागली. तीन तोफा, थोडं पायदळ कमी; कोऱ्या कापडावर, निदान दोन-तीन वेगळ्या घरांत खेळून बघायला हवं. पण रविवारी समोर कोण बसणार, हा प्रश्न मध्येच आला आणि तिने यादी तिथेच सोडली. मान खाली घालून ती जेवायला लागली. कार्यालयाची जमीन शहाबादी फरशीची होती. तिच्या ताटापासून कुंडलिकच्या ताटापर्यंत दीड फरशी, हे तिने मोजून टाकलं होतं. आणि मोजलं हे या वेळी तिचं तिलाच कळलं.