सातवा पुठ्ठा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक डोंगर समोर आणा. दाट झाडी, पायवाट एकही नाही. आता त्याच्याभोवती पाणी चढतंय असं समजा. पाणी जिथे टेकेल तिथे रेघ ओढा. पाणी आणखी चढलं की दुसरी रेघ. या सगळ्या रेघा कागदावर उतरवल्या, की झाला डोंगराचा नकाशा!

मुंगी नावाच्या मुलीच्या आईने असा डोंगर दोन उन्हाळे पायी मोजला होता. खिंडीपर्यंत नेणारी एक घळ तिला सापडली होती. पण नकाशा कचेरीतले साहेब मान हलवत होते.

"बाई, घळीतली मापं चुकलीत. रेघ म्हणते उंच, माप म्हणतं खोल. संध्याकाळी नकाशा छपाईला जाणार. तोवर जुळलं नाही, तर तेवढी जागा कोरी सोडू."

"साहेब, मी त्या घळीतून चालत गेलेय!"

"पायांची साक्ष चालत नाही, बाई."

आई पुन्हा आकडे तपासायला बसली. शाळेतून थेट कचेरीत आलेल्या मुंगीने नकाशाची जादा प्रत घेतली, एकेका रेघेप्रमाणे एकेक पुठ्ठा कापला, एकावर एक चिकटवला आणि पुठ्ठ्यांच्या पायऱ्यांवर ओली माती लिंपली. मग खिंडीतून खाली घळीत गोटी सोडली. गोटी घरंगळत आली आणि मध्येच थबकली.

"आई, तुझ्या डोंगराने गोटी अडवली."

"अगं, माती नीट लिंपली नसशील."

"लिंपलीय! हा सातवा पुठ्ठाच घळीत पसरून बसलाय, बघ ना."

आईने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सातवी रेघ घळीच्या काठाने आत जाऊन परत यायला हवी होती. तिने ती घाईत सरळ पलीकडे ओढून टाकली होती.

"मापं शहाणीच होती गं! माझा हातच उतावळा."

तिने रेघ खोडून वळवली. रुसलेली सगळी मापं गुमान जागेवर बसली. मुंगीने सातवा पुठ्ठा नव्याने कापला. आता गोटी सुसाट खाली आली आणि टेबलावरून थेट साहेबांच्या बुटावर आदळली.

साहेबांनी ती उचलून स्वतः सोडली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. मग नकाशावर ऐटदार सही ठोकली. "बाई, घळ छापायची. चांगली ठळक!"

आईने हसत डोळे पुसले. आणि मुंगीने? तिने कात्री उचलली आणि विचारलं, "काका, आणखी कुठले डोंगर अडलेत?"