उपग्रहाला लागलेली दृष्ट

डिंगोऱ्याच्या शाळेत संध्याकाळी पुन्हा डोळा उघडला, तेव्हा कंप्युटरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या पडद्यावर लालभडक डोळा, त्यात गरगर फिरणारं बुबुळ आणि स्पीकरमधून खदाखदा हसणं. बायकांनी पोरांना पदराआड ओढलं. दाराबाहेर चपलांचा ढीग होता, कारण कंप्युटरला हळदकुंकू वाहिल्यापासून त्या खोलीचं देऊळच झालं होतं.

"मागं व्हा!" रखमाजी महाराज पुढे सरसावले. हे महाराज पूर्वी जुन्नरला मोबाईल दुरुस्त करायचे, आता माणसं दुरुस्त करत होते. "उपग्रहाला बाधा झालीय! आकाशातला व्हायरस हाय ह्यो, साधासुधा न्हाई! ॐ ह्रीं क्लीं सर्व्हर शांती स्वाहा!"

त्यांनी मॉनिटरवर लिंबू पिळलं. मंत्राचा पट्टा बराच वेळ चालला, आणि खरोखरच डोळा मिटला. मग लोकांनी दक्षिणा देऊन आपापल्या मोबाईलची दृष्ट काढून घ्यायला रांग लावली.

उपग्रह म्हणजे काही शाळांच्या मुलांनी मिळून बनवलेला, हातात मावेल एवढा छोटा उपग्रह. त्यातली एक चिप डिंगोऱ्याच्या मुलांनी जोडली होती. तो डोक्यावरून जाताना जे संदेश पाठवी, ते ऐकायला विज्ञानाच्या हर्षाली मॅडमनी मुलांकडून पाइप आणि तारांचा अँटेना शाळेच्या छपरावर बसवून कंप्युटरला जोडून घेतला होता. या सगळ्यात पुढे होती समृद्धी. तिचा फोटो पेपरात आला, जुन्नरला सत्कार झाला.

आणि तिथेच आशाच्या पोटात आग पेटली.

समृद्धी तिच्या धाकट्या जावेची, रोहिणीची मुलगी. रोहिणी दहावीला दोनदा नापास. आशा बारावी सायन्स पास, पुढे शिकायचं म्हणेपर्यंत अंगाला हळद लागली. तिचा मुलगा गोकुळ कॉलेज सोडून दिवसभर मोटारसायकल उडवत फिरे. आणि रोहिणीने फोटो फ्रेम करून लावला तोही दोन्ही घरांच्या सामाईक ओट्यावर, आशाच्या चुलीच्या अगदी समोर! "आक्का, आमची समृद्धी आभाळात पोचली बघा," म्हणत पेढा दिला. आशाने तो कसाबसा गिळला. पडो मेला तो उपग्रह, असं तिच्या मनात येऊन गेलं.

पुढच्याच आठवड्यात गावाने महाराजांच्या हातून कंप्युटरची पूजा करून घेतली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा डोळा उघडला. तेव्हापासून आशाला घास गोड लागेना.

आज दृष्ट काढता काढता महाराजांनी आवाज चढवला. "घरातल्याच बाईची नजर हाय. रविवारी सकाळी नाव फोडतो. तिनं उताऱ्याचं टोपलं डोक्यावर घेऊन गावभर फिरायचं. आन् पुन्यांदा त्या पोरीच्या वाऱ्याला उभं ऱ्हायचं न्हाई!"

सगळ्या माना आशाकडे वळल्या. रोहिणीने तेवढी खाली घातली. आशाला वाटलं, माझंच पाप. जळकी नजर माझीच, आता सगळ्या गावासमोर निघणार.

पण हेवा करणाऱ्या माणसाचं एक असतं, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. समृद्धी शाळेत कधी गेली, कधी परतली, हे रोहिणीपेक्षा आशाला जास्त ठाऊक. उपग्रहाची वेळ रोज वेगळी. मॅडम ती फळ्यावर लिहीत आणि माय-लेकी तेव्हाच निघत. कधी पाच वाजता, कधी जेवणं झाल्यावर. आशा ओट्यावरून त्यांच्या पाठीकडे बघत चरफडत बसे.

दुसऱ्या दिवशी माय-लेकी लवकर परतल्या. उपग्रह केव्हाच निघून गेला होता. रोहिणी ओट्यावर लसूण सोलत होती. आशाच्या टीव्हीवर सातच्या मालिकेचं गाणं लागलं, आणि त्याच क्षणी शाळेकडून आरडाओरडा आला, "डोळा उघडला!"

भाकरी थापणारे आशाचे हात थांबले. कालही गाणं लागताच ओरडा आला आणि ती शाळेकडे धावली होती. परवाही. उपग्रह गेला, मग हा डोळा कुणाचा?

तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती मॅडमकडे गेली. "मॅडम, माजी नजर लागली आसंल तर लागू द्या. पन ती रोज मालिकेच्या टायमालाच कशी लागती?"

हर्षाली मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "घड्याळ! आशाताई, मला व्हायरसचाच संशय होता. पण डोळा उघडल्यापासून शाळा समिती मला त्या कंप्युटरला हात लावू देत नाही, बाधा वाढेल म्हणे. ही वेळ माझ्या ध्यानातच आली नाही!"

रविवारी सकाळी सगळं गाव लोटलं. महाराजांनी डोळे मिटले, अंगाला झटके दिले आणि बोट रोखलं. "हीच ती! हिच्या पोटात जळतंय!"

आशा उठली. पदर खोचून पुढे आली.

"व्हय, जळतंय. समृद्धीचा फटू दिसला की जळतंय. पडो मेला तो उपग्रह, आसंबी मनात आलं व्हतं. आता माज्या नजरेत एवढी ताकद हाय, तर आत्ताच लावते. बघा!"

तिने कंप्युटरकडे डोळे वटारून पाहिलं. काहीच झालं नाही. मागे कुणीतरी खुसकन हसलं.

"न्हाई ना लागत? मंग आता बिननजरेचं बघा." ती खुर्चीवर बसली. मॅडमनी दाखवलं तसं तिने कंप्युटरचं घड्याळ संध्याकाळी सातवर नेलं. भर सकाळी लालभडक डोळा उघडला आणि खदाखदा हसू लागला. लोक किंचाळले. आशाने घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलं, डोळा मिटला. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा उघडला.

"मॅडम, आत्ता उपग्रह कुठाय?"

"पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला."

"आन् महाराज, तुमचं लिंबू?"

आता हशा पिकला. पोरं ओरडली, "काकी, आजून एकदा!"

मॅडमनी उलगडा केला. पूजेच्या दिवशी महाराजांनी आरत्यांचा पेनड्राइव्ह प्रसाद म्हणून कंप्युटरला लावला होता. त्यातच त्यांनी हा चोरटा प्रोग्राम दडवलेला. सातला उघडायचा, थोड्या वेळाने आपोआप मिटायचा. तो मिटेपर्यंत मंत्र लांबवायचा, एवढीच सिद्धी. "अंतराळ स्थानकातल्या लॅपटॉपमध्येही दोन हजार आठ साली व्हायरस शिरला होता. तोही बहुधा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधूनच. तिथं कुणी कुणाच्या जावेला दोष दिला नाही. व्हायरस शोधला आणि काढला. आणि आपला कंप्युटर तर उपग्रहाचं नुसतं ऐकतो. इथली बाधा वर पोचणार कशी?"

महाराज चपला ढिगातच टाकून निसटले. स्टँडवर एसटीची वाट बघताना सापडले. पुढचं जादूटोणाविरोधी कायद्याने पाहिलं.

लोकहो, हेवा खरा असतो. तो माणसाची झोप उडवतो, भाकरी करपवतो. पण डोळ्यांतून निघून यंत्रात शिरत नाही. पुढच्या वेळी कुणी असा चमत्कार दाखवला, तर बाईकडे बोट दाखवण्याआधी घड्याळ फिरवून बघा. आणि कुणी दिलेला पेनड्राइव्ह प्रसाद म्हणून घेऊ नका.

त्या संध्याकाळी रोहिणी ओट्यावर येऊन बसली. "आक्का, सकाळी आदी मी उठून बोलाया पायजे व्हतं. चुकलं माजं." मग म्हणाली, "खरंच जळता व्हय?"

"लई."

"मंग फटू काढू का तिथनं?"

आशा काही बोलायच्या आत समृद्धी धावत आली. "मोठी आई, चल ना, उपग्रह यायची वेळ झाली. कंप्युटरचं घड्याळ तूच बरोबर लाव."

आशा गेली. व्हायरस मॅडमनी दुपारीच काढून टाकला होता. स्पीकरमधून बीप, बीप असा बारीक आवाज आला, अगदी स्वच्छ. समृद्धीने टाळ्या पिटल्या. आशाच्या पोटात पुन्हा जळलं, नेहमीसारखंच. वरचा उपग्रह मात्र बीप, बीप करत आपल्या वाटेने जातच राहिला.