नवाटोल्याची मुलं कोणाची

गोंदियाजवळच्या कामठ्याच्या बाजूला, नहराच्या म्हणजे कालव्याच्या अल्याड सावरखेडा, पल्याड खोडगाव, आणि दोन्हींच्या मधे नहराच्या पल्याडच्या पाळीला धरून वसलेला नवाटोला, एक लहानशी वस्ती. टोल्यात शाळा नाही. पूर्वी त्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. ज्याला जी वाट सोयीची, त्या शाळेत त्याचं पोर जाई. पुढं कॉन्व्हेंटची पिवळी गाडी गावोगाव फिरू लागली, जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग ओस दिसू लागले आणि नवाटोल्याच्या पोरांना एकाएकी भाव आला.

योगेश्वरी कटरे त्या भागाच्या केंद्रप्रमुख. आसपासच्या सगळ्या जिल्हा परिषद शाळा त्यांच्या देखरेखीखाली. फुलचूरच्या घरून सकाळी स्कुटीवर निघायचं आणि शाळा-शाळा करत दुपार उलटून घरी यायचं, हा त्यांचा शिरस्ता. आवाज चढवायची सवय नव्हती. एकदा ठरलेलं पुन्हा उकरायचीही नव्हती.

गेल्या जूनमध्ये नवाटोल्यावरून जे झालं त्यानं त्यांना मान खाली घालावी लागली होती. सावरखेड्याच्या आणि खोडगावच्या, दोन्ही शाळांनी टोल्यातली तीच पोरं आपापल्या पटावर चढवली. संगणकानं दोन्हीकडची नावं अडवली. एक पोरगं तर दिवाळीपर्यंत ना इकडचं ना तिकडचं. पुस्तकं मिळाली नाहीत, गणवेश नाही. त्यात दोन्ही शाळांचे गुरुजी नहराच्या पुलावर एकमेकांना भिडले. टोल्यातली माणसं बांधावर बसून तमाशा बघत होती. त्यातल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी आपली मुलं पिवळ्या गाडीत बसवली.

म्हणून या एप्रिलमध्ये योगेश्वरीबाईंनी दोन्ही शाळांना समोरासमोर बसवलं. सावरखेड्याचे मुख्याध्यापक हुकुमचंद पटले आले. गडी बोलका, गावातल्या प्रत्येक घरात चहा प्यालेला, पोरांना आणायला स्वतःच्या खटपटीनं ऑटो लावून देणारा. खोडगावची शाळा दोन शिक्षकी. तिथल्या मुख्याध्यापिका निवृत्तीला टेकलेल्या, त्यामुळे धावपळ सारी ओमेश्वर बिसेन या तरुण शिक्षकाकडे. तो आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. त्याच्या शाळेचा पट इतका काठावर होता की चार-दोन मुलं कमी झाली तर एक शिक्षक जादा ठरणार होता, आणि सेवेनं कनिष्ठ तोच होता.

"नवाटोला खोडगावच्या ग्रामपंचायतीत येतो," योगेश्वरीबाई म्हणाल्या. "तेव्हा पहिलीत येणारी टोल्याची मुलं खोडगावला. पटले सर, तुमचा ऑटो पुलाच्या अलीकडेच थांबेल."

"मॅडम, पालकच माझ्याकडे येतात, त्याले मी काय करू?" हुकुमचंद म्हणाले. "आलेल्या लेकराले हाकलून देऊ?"

"समजावून खोडगावला पाठवा. कायद्यानं पालक कुठंही जाऊ शकतो, ते मलाही माहीत आहे. हा आपला आपसातला करार आहे. एकाला सूट दिली की गेल्या वर्षीसारखंच होईल."

हुकुमचंदांनी सही केली, पण तोंड कारल्यासारखं करून. ओमेश्वरनं सही करून पेन परत दिलं आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसला.

जूनच्या शेवटी शाळा उघडल्या. टोल्याची पोरं मुकाट खोडगावला गेली. योगेश्वरीबाईंना बरं वाटत होतं, तोच हुकुमचंदांचा फोन आला.

"मॅडम, नवाटोल्याची एक म्हातारी नातीले घेऊन रोज सकाळी येऊन राहिली माझ्या शाळेत. व्हरांड्यात बसते, सुट्टी झाली की उठून जाते. मी म्हटलं, मॅडमनं मना केली. तर म्हणते, तुमच्या मॅडमले बोलवा."

योगेश्वरीबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. व्हरांड्याच्या खांबाला टेकून सुलोचनाबाई मेंढे बसल्या होत्या. शेजारी नात हर्षिता, केसांना भरपूर तेल, दोन घट्ट वेण्या, नवंकोरं दप्तर मांडीवर. आतल्या वर्गात पाढे चालले होते आणि ती दाराबाहेरून ओठ हलवत होती.

"आजी, खोडगावची शाळा तुम्हाला जवळ पडते. तिथं काऊन नाही घालत?"

"तिथली खिचडी चांगली नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच जी."

"मी बघते खिचडीचं. पण तोवर पोरीचे दिवस वाया जातात."

"जाऊ द्या," म्हातारी म्हणाली आणि पदर सावरून पुन्हा समोर बघू लागली.

जेवणाबद्दल तक्रार आली की बघून येणं हे योगेश्वरीबाईंचं कामच होतं. मधल्या सुट्टीला त्या खोडगावला पोचल्या. पोरं पंगतीनं बसली होती. स्वयंपाक करणारी पुष्पा नावाची तिशीची बाई वाढत होती. योगेश्वरीबाईंनी ताट मागून घेतलं. खिचडी मऊ, डाळ शिजलेली, वरून लसणाची फोडणी. त्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मग नवाटोल्याच्या सुलोचनाबाई नावं का ठेवतात?"

पुष्पाच्या हातातला डाव थांबला. तिनं पोरांकडे पाहिलं, मग भांडं उचलून चुलीकडे गेली. योगेश्वरीबाई मागोमाग गेल्या.

"म्हातारी खिचडीसाठी नाही बोलत जी," पुष्पा खालच्या आवाजात म्हणाली. "हर्षिताचा बाप माह्या घरी आहे."

मग तिनंच सगळं सांगितलं, भांडी घासता घासता, कोणाबद्दल काही वाईट न बोलता. सुलोचनाबाईंची मुलगी रुचिका खोडगावात दिलेली. नवरा वीरेंद्र. हर्षिता पाळण्यात असतानाच बिनसलं. रुचिका माहेरी आली, रीतसर सोडचिठ्ठी झाली. आता ती नागपुरात एका दवाखान्यात कामाला असते आणि पोरगी आजीजवळ. वीरेंद्रनं पुष्पाशी लग्न केलं, त्यांनाही एक मुलगा झाला.

"मी बोलली होती त्यायले, पोरगी आपल्याच शाळेत येऊन राहिली, दोन शब्द बोलत जा," पुष्पा म्हणाली. "तर म्हणे, ते माहं नाही, रुचिकाचं आहे. पोरगी आली असती तर मी पोटभर वाढलं असतं, मॅडम. पण ते येणार नाही, मले मालूम होतं."

योगेश्वरीबाई फाटकाशी आल्या. समोरच, रस्त्यापलीकडे हाताच्या अंतरावर, पुष्पानं सांगितलेलं वीरेंद्रचं घर होतं. तो ओसरीवर खाटेवर बसून पायाला तेल लावत होता. त्यानं मान वर करून एकवार बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

तिथून त्या नवाटोल्यात गेल्या. सुलोचनाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. हर्षिता शेजारच्या घरी खेळायला गेली होती.

"सांगितलं का पुष्पानं?" म्हातारीनं सूप न थांबवता विचारलं.

"सांगितलं. तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"कायले सांगू? चार मास्तरायसमोर लेकीचा तमाशा करू?" तिनं सूप खाली ठेवलं. "पुष्पा वाईट नाही. तिच्या हातचं खाल्लं तर माह्या नातीले काही होणार नाही. पण त्याचं घर पाहिलं ना तुम्ही? फाटकासमोर. पोट्टी रोज येता-जाता बापाले पाहीन. अन बाप तिच्याकडे पाहणार नाही. आता तिले वाटते, बाप दूर कमवाले गेला. मोठी झाली की समजन तेव्हा समजन. सहा वर्साच्या लेकराले आत्ताच काऊन दाखवायचं?"

म्हातारीनं योगेश्वरीबाईंना पाणी दिलं आणि तांदळातले खडे वेचत बसली.

परतताना नहराच्या पुलावर त्यांनी स्कुटी थांबवली. त्यांची स्वतःची मुलगी गोंदियात कॉन्व्हेंटमध्ये होती. तिची शाळा निवडताना त्यांनी कोणाला कारण दिलं नव्हतं, आणि कोणी मागितलंही नव्हतं. दुसरीकडे ओमेश्वरचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. हर्षिता सावरखेड्याला गेली तर तिचं कारण टोल्यात कोणाला सांगता येणार नाही. कारण सांगितलं नाही तर लोक म्हणतील, म्हातारीची ओळख असेल. मग दुसराही येईल, तिसराही. हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यामुळे आपल्याला कोणी फसवलं, अंधारात ठेवलं, असं त्यांना पुढं कधी म्हणता आलं नाही.

त्यांनी तिथूनच हुकुमचंदांना फोन लावला.

"पटले सर, त्या मुलीला उद्यापासून वर्गात बसवा. नाव पटावर घ्या."

"आणि करार?"

"ही एक सोडून."

"कारण काय मॅडम?"

"कारण आहे. मी सांगणार नाही."

"ठीक आहे मॅडम," हुकुमचंद म्हणाले. "तुम्ही मोठ्या. पण उद्या टोल्यातला दुसरा कोणी आला, तर मी त्याले कोणत्या तोंडानं नाही म्हणू, तेवढं सांगून ठेवा."

ओमेश्वरला मात्र त्या स्वतः जाऊन भेटल्या. त्याला नवल वाटलं नाही. खोडगावात ती गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती.

"मला ठाऊक होतं, मॅडम," तो म्हणाला. "बैठकीतच सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर एक मूल कमी झालं असतं. मी गप्प बसलो."

"मी विचारायला पाहिजे होतं," योगेश्वरीबाई म्हणाल्या.

"दोन-तीन जणांनी तिच्या मागोमाग नेली पोरं, तर माझं काय होईल?"

"मी थांबवायचा प्रयत्न करीन."

"ते तुम्ही कराल," ओमेश्वर म्हणाला, आणि मुलांच्या वह्या तपासू लागला.

त्यांनी प्रयत्न केला. टोल्यात दोनदा पालकांची बैठक घेतली. पहिल्या बैठकीत नंदलाल नावाच्या एका पालकानं उभं राहून विचारलं, "मेंढेबाईच्या नातीले परवानगी, आमच्या लेकराले काऊन नाही? ती काय आसमानातून पडली?" सुलोचनाबाई मागं बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. योगेश्वरीबाईंनी एवढंच सांगितलं की कारण घरगुती आहे आणि त्यांनी ते तपासलं आहे. नंदलालचं समाधान झालं नाही. पोळ्याच्या सुमारास त्यानं आपला मुलगा सावरखेड्याला नेला. हुकुमचंदांनी दोन दिवस टाळाटाळ केली, तिसऱ्या दिवशी नाव घेतलं. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन घरं गेली. ऑटो पुन्हा पुलाच्या अलीकडून पलीकडे येऊ लागला.

सप्टेंबरअखेरच्या पटावर खोडगावची शाळा खाली घसरली. पुढं जे व्हायचं ते कागदोपत्री आणि सावकाश झालं. ओमेश्वर जादा ठरला, आणि देवरीकडच्या एका शाळेत त्याचं समायोजन झालं. घरापासून इतकं लांब की रोज ये-जा शक्य नव्हती. त्याची बायको गोंदियात नोकरीला, आईला दम्याचा त्रास. त्यानं तिथं खोली घेतली आणि शनिवारी घरी येऊ लागला.

निरोपाच्या दिवशी योगेश्वरीबाई खोडगावला गेल्या. पुष्पानं शिरा केला होता. पोरांनी कागदी फुलं दिली. ओमेश्वर सगळ्यांशी नेहमीसारखाच बोलला. निघताना त्यानं योगेश्वरीबाईंना नमस्कार केला.

"राग आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा," तो म्हणाला. "पण तुमच्यावर की कोणावर, ते अजून ठरलं नाही. म्हातारीवर नाही, एवढं नक्की."

त्या फाटकापर्यंत त्याच्यासोबत चालत गेल्या.

हर्षिता सावरखेड्याच्या शाळेत रुळली. सुरुवातीला मधल्या सुट्टीत आजीला हाका मारायची, दिवाळीपर्यंत विसरली. तिला एक मैत्रीण मिळाली, तिच्याशी तिचं रोज भांडण व्हायचं. खोडगावात एकच शिक्षिका चारही वर्ग सांभाळू लागल्या. ते त्यांना झेपत नव्हतं, आणि त्या तसं सगळ्यांना सांगत.

पुढच्या मार्चमध्ये, नव्या पटनोंदणीच्या आधी, योगेश्वरीबाई बैठक न बोलावता थेट नवाटोल्यात गेल्या. पहिलीत येणारं मूल ज्या ज्या घरात होतं, त्या घरी बसल्या. कोणी लगेच बोललं, कोणाला दुसऱ्या चहापर्यंत वेळ लागला. एका घरी जमिनीच्या बांधावरून खोडगावच्या भावकीशी वैर निघालं. एका आईला पोरगं नहराच्या पाळीवरून एकटं खोडगावला पाठवायची भीती होती. बाकीच्यांना फक्त ऑटो हवा होता.

मग त्यांनी बैठक घेतली. खोडगावच्या मुख्याध्यापिका आणि हुकुमचंद समोर बसले.

"या वर्षी दोन मुलं सावरखेड्याला," योगेश्वरीबाई म्हणाल्या. "बाकी सगळी खोडगावला. आणि पटले सर, खोडगावला जाणाऱ्या मुलांसाठीही ऑटो तुमच्याच माणसाला लावायला सांगा."

"म्हणजे माझाच ऑटो माझीच पोरं तिकडे नेऊन सोडणार?" हुकुमचंद म्हणाले.

"हो."

ते हसले, मग थांबले. "बिसेन सर असते तर त्यायले बरं वाटलं असतं," ते म्हणाले, आणि पेन मागितलं.